चाकामागचे खडे

चैत्र लागला की माझे कान घराबाहेर लागतात. बाकीच्यांना चैत्रात कैरीचं पन्हं आठवतं, मला डिझेलचा वास आठवतो. हरभरा-गहू निघालेला असतो, रानं मोकळी झालेली असतात, आणि जालन्यातल्या आमच्या घरामागं, एमआयडीसीच्या भिंतीपलीकडं जी दोन-चार वावरं अजून वावरं म्हणून उरली आहेत, त्यांत नांगरट सुरू होते. ट्रॅक्टर दिसत नाही, नुसता आवाज येतो. तो येत असतो तोवर मी निवांत भाकरी थापत असते. आवाज थांबला की माझा हात थांबतो. ड्रायव्हर तंबाखू मळायला थांबला असेल, पाणी प्यायला उतरला असेल, हे मला कळतं. कळून उपयोग काय? आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत तव्यावरची भाकरी करपून जाते.

यंदा त्यात भर म्हणून ती मंडळी आली. छोटे ट्रॅक्टर जमवणारी माणसं असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? असतात बाई. कोणी डॉक्टर, कोणी बियाण्याच्या कंपनीत, एक तर बँकेतली बाई. तळहाताएवढे लोखंडी ट्रॅक्टर काचेच्या पेटीत ठेवतात, फोनवर एकमेकांना फोटो पाठवतात, एखाद्याला जुना सापडला की सगळ्या जिल्ह्यात बोभाटा. कुणाकडून तरी त्यांना कळलं की आमच्याकडं फार जुना, हातानं घडवलेला एक आहे. रविवारी आली. चांगली माणसं. चपला दाराबाहेर काढल्या, मला काकू म्हणाली. माझा नवरा दिगंबर त्यांना नमस्कार करून मुकाट्यानं आतल्या खोलीत गेला. ट्रॅक्टरचा विषय निघाला की तो उठून जातो, हे आता सगळ्यांना सवयीचं आहे.

मी फडताळातून ट्रॅक्टर काढून दाखवला. भाजलेल्या मातीचा, गेरूनं रंगवलेला, छत्रीच्या तारेवर फिरणारी चाकं. बँकेतली बाई तर बघतच राहिली. मग त्यांच्यातल्या एकानं खिशातून बारीक ब्रश काढला आणि म्हणाला, "काकू, गादीवर थोडी माती चिकटून वाळलीये. हळूच साफ करून देतो."

"हात लावू नको!"

अशी ओरडले मी, की दिगंबर काठी टेकत बाहेर आला. ब्रशवाला बिचारा कानकोंडा झाला. मी चहा टाकला, चिवडा दिला, सारवासारव केली. पण ती चिमूटभर माती का पुसायची नाही, ते काही सांगितलं नाही. सांगायचं तर एका उन्हाळ्यात परत जावं लागतं, आणि तिकडं जायची मला अजून भीती वाटते.

जाते आता. तुम्ही सोबत आहात तर जाते.

मी लग्न होऊन अंबडच्या वाटेवरच्या एका गावात गेले ती बहात्तरच्या दुष्काळानंतर. दुष्काळानं गोठे रिकामे केले होते. रान होतं, पण औत ओढायला जोडी नव्हती, म्हणून भाड्याचे ट्रॅक्टर येऊ लागले. दिगंबर त्यातल्याच एका लाल ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. त्याचं नाव असं तोंडानं घ्यायची तेव्हा सोय नव्हती. आता घेते, आणि त्यालाही ते आवडतं. ट्रॅक्टर जालन्याच्या एका अडत्याचा. चैत्रात घर सोडलं की पेरणीच्या तोंडावर परत. मधले दिवस या गावाहून त्या गावी: नांगरट, ढेकळं फोडणं, तळ्यातला गाळ वाहून वावरात टाकणं. गड्याच्या मिशा अशा भरदार की लांबून आधी त्या दिसायच्या, मग माणूस. बसायचा जरा डावीकडं कलून, एक हात स्टेअरिंगवर, दुसरा चाकावरच्या पत्र्यावर, जसं काही घरच्या ओट्यावर बसलाय.

आणि त्या काळात आमच्याकडच्या शेतातल्या विहिरींना कठडे नसायचे. वावराच्या कडेला जमिनीलगत नुसता काळा खड्डा. बैलाला विहीर कळते, तो अलीकडंच थबकतो. ट्रॅक्टरला कुठली कळायला? मागं घेताना ड्रायव्हरची मान जरा कमी वळली की संपलं. लग्न ठरताना माझ्या आईनं दिगंबरच्या घरचं सगळं विचारलं, विहिरींचं तेवढं विचारायचं राहिलं.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात सासरे, त्यांना मी मामा म्हणायची. मामा जातिवंत सुतार. ट्रॅक्टर आले तशी औतं, तिफणी बनवून घ्यायला येणारी गिऱ्हाइकं आटली. दुसरा कुणी असता तर ट्रॅक्टरला शिव्या देत बसला असता. मामा म्हणाले, "माझं काम खाणारं जनावर हाय कसं, ते बराबर बघू तर दे." आणि बघता बघता त्याच्याच प्रेमात पडले. सागाच्या तुकड्यातून बारका ट्रॅक्टर कोरला. मग दुसरा. फडताळ भरलं, कोनाडे भरले. माझं हळदी-कुंकवाचं तबक ठेवायला जागा उरली नाही.

असं वेड एकट्याचं राहत नाही. जुन्या जालन्यातले रहीमचाचा, रॉकेलच्या चिमण्या आणि चाळण्या करणारे पत्रेवाले, ते पत्र्याचे ट्रॅक्टर करायचे. शाळेतले साळवे गुरुजी खडूच्या खोक्यांचे करायचे आणि प्रत्येकाचं माप पट्टीनं तपासायचे. आणखी दोघं-तिघं आजूबाजूच्या गावांतले. दरवर्षी आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे आपापले बारके घेऊन आमच्या ओसरीवर जमत. विकायचं नाही, आवडला तर अदलाबदल करायची. आणि डोळ्यानं पाहिलेल्या ट्रॅक्टरचाच बारका करायचा, मनचा नाही. मोठाली बाप्ये माणसं, मिशा पिकलेली, ओसरीवर ओणवी होऊन "ह्याचा सायलेन्सर बघ, ह्याचा सायलेन्सर बघ" करत बसायची. मी पुरणपोळी करायची, आमरस करायची. एकाचं लक्ष ताटात असेल तर शपथ.

पण त्या खेळाला एक भीतीही होती, आणि ती मामांपासून सुरू झाली होती. पहिल्या वर्षी त्यांनी गावच्या पाटलांच्या निळ्या ट्रॅक्टरचा बारका केला, तेव्हा हौसेनं गादीवर लाकडी माणूसही बसवला. डोक्याला लाल चिंधीचं मुंडासं, पाटलांचा ड्रायव्हर बांधायचा तसंच. एका दुपारी बारक्याचं चाक ढिलं झालं म्हणून मामांनी तो लाकडी माणूस उचलून खाली ठेवला, खिळा ठोकला, आणि माणूस परत बसवायचं विसरले. त्याच संध्याकाळी पाटलांचा ट्रॅक्टर बांधावरून उलटला. लाल मुंडाशावाला खाली सापडला.

"म्या उतरवला न् तो गेला," मामा म्हणायचे. कुणी कितीही समजावलं तरी हेच.

तेव्हापासून मंडळींचा नियम झाला. बारक्याची गादी मोकळी ठेवायची. आणि चुकून कुणी माणूस बसवलाच, तर परक्या हातानं उतरवायचा नाही. ज्याचा माणूस त्यानंच यायचं, आपल्या हातानं स्वतःला उतरवायचं. लग्नानंतर मामांनी मला घरातली भांडी दाखवली, देव दाखवले आणि हा नियम सांगितला, याच क्रमानं. मी पदराआड हसले होते.

मग तो उन्हाळा आला. दिगंबर चैत्रातच निघून गेला होता. आखितीला मंडळी जमली, आणि रहीमचाचांनी या वेळी एक नवा गडी बोलावला होता. शेजारच्या गावचा बाबू कुंभार. तिशीचा असेल, लग्न नव्हतं झालेलं, घरी तो आणि त्याची आई गयाबाई. लाजाळू इतका, की ओसरीवर बसताना जोत्याच्या अगदी कडेला बसला. कान मात्र सुपासारखे. पोळ्याला मातीचे बैल करून गावोगाव द्यायचे हे त्यांचं पिढ्यांचं काम. डोक्यावर पाटी, पाटीत बाजरीचं वाळकं सरमाड, आणि सरमाडात गुंडाळलेला त्याचा ट्रॅक्टर.

त्यानं तो बाहेर काढला आणि सगळ्यांनी आ वासला. बाकीच्यांची चाकं कापलेली, कातरलेली. याची चाकं फिरत्या चाकावर घडवलेली, अशी गोल की बोट लावलं की फिरत राहायची. भट्टीत भाजून लालबुंद झालेला दिगंबरचाच ट्रॅक्टर, पुढच्या दिव्याची फुटकी काच सुद्धा दाखवलेली. गुरुजींनी पट्टी काढली आणि न मोजताच खिशात ठेवली.

मग आमची नजर गादीवर गेली. गादीवर दिगंबर बसला होता. ओल्या मातीचा, बोटाएवढा. भरदार मिशा, निळीनं रंगवलेला बुशशर्ट, एक हात स्टेअरिंगवर, दुसरा पत्र्यावर, आणि जरा डावीकडं कलून.

आत माझ्या हातातलं रसाचं पातेलं मी तसंच खाली ठेवलं.

"या अल्ला," रहीमचाचा म्हणाले, "ये क्या बिठाया रे बाबू?"

बाबूला वाटलं, नीट जमलं नाही. "दिगूभाऊ हायती," तो म्हणाला. "वळखू येत न्हाईत का? मिशा बारीक झाल्या का जरा? काल वाटंत दिसले, तवाच मनात आलं. भट्टी तर इझली होती, मंग कच्चाच बसवला."

रहीमचाचांनी त्याला बाजूला घेऊन नियम सांगितला. बाबू मामांकडं वळला. "मला कोणी सांगितलं न्हाई वो, मामा. आमच्याकडं गाडी केली की गाडीत माणूस बसवावाच लागतो, त्याबिगर गाडी पुरी व्हत न्हाई. म्याच केलाय, म्याच काढतो."

"हात लावू नको!" मामा ओरडले. परवा मी ओरडले ना, अगदी तस्संच. "तो लाल मुंडाशाचा बी म्याच केल्ता."

साळवे गुरुजी तावातावानं उठले. बौद्ध दीक्षा घेतलेल्या घरातले, देव-दैव काही न मानणारे, आख्ख्या गावात भुताला न भिणारा एकटा माणूस. "हे सगळं थोतांड आहे," ते म्हणाले. "मातीचा गोळा आहे तो. मी काढतो." त्यांनी हात पुढं केला. हात गादीपर्यंत गेला. तिथं थांबला, मागं आला, आणि चष्मा सारखा करायला लागला. "कच्चा आहे," ते म्हणाले, "उगाच मोडायचा." आणि खाली बसले. मी त्यांना त्यावरून कधी हसले नाही. माझा स्वतःचा हात पदरात घट्ट धरून ठेवलेला होता.

"दिगूलाच येऊ द्या," मामा म्हणाले, आणि आखिती संपली. आमरस तसाच उरला.

एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप गेला, की एक रोज घरी येऊन जा. उलटा निरोप आला: मातीच्या माणसासाठी काय सीझन सोडून येऊ? खुळे झाले का सगळे? मला वाटलं, आपणच बारका घेऊन त्याच्याकडं जावं, मांडीवर धरून. मामा म्हणाले, "गाडीच्या हादऱ्यानं पडला तर?" मग तेही बोलायचं बंद झालं. ट्रॅक्टर फडताळातल्या मधल्या फळीवर, आणि मी त्याच्यासमोर. चुलीपुढं बसलं तरी तो दिसायचा, अंथरुणावर पडलं तरी दिसायचा.

मला ती दुपार आठवते, म्हणजे सगळ्या दुपारी मिळून एकच आठवते. पत्रा तापून कडकड वाजतोय, मामा ओसरीवर पालथे पडलेत पण झोपलेले नाहीत, आणि मी त्या मातीच्या माणसाकडं बघतेय. कच्ची माती वाळली की भेगाळते. कमरेशी केसाएवढी चीर दिसली. मी फडताळाला ओलं फडकं टांगलं, ते सुकलं की पुन्हा भिजवायचं. घरात चिमण्यांनी घरटं केलं होतं. एरवी मला त्यांचं केवढं कौतुक, पण एक चिमणी त्या फळीवर बसायला आली आणि मी केरसुणी घेऊन तिच्यामागं अशी धावले की मामा म्हणाले, "सुमन, बस जरा. पाणी पे." पाल दिसली की पुन्हा केरसुणी. शेजारची पोरं ओसरीवर उड्या मारायला लागली की मी जाऊन फळीच्या खाली ओंजळ धरून उभी राहायची. तो पडला तर हातात पडावा म्हणून.

त्यातच मला वाटलं, चाकं इतकी गुळगुळीत, हा आपसूक घरंगळला तर? म्हणून मी अंगणातून चार खडे आणले आणि चारी चाकांमागं लावले. लावताना श्वास रोखून धरला होता. ते लावले आणि मला जरा बरं वाटलं. मग मी कंडक्टरकडून दिगंबरला माझा असा वेगळा निरोप धाडला: गाडी उभी केली की चाकामागं दगड लावत जावा. विसरू नये. उलट निरोप आला, "हाव म्हणावं." इतकाच. पण मी तो दिवसभर घोळवला. नवऱ्यानं बायकोला पाठवलेला तेवढाच एक शब्द.

देवापुढं मी काय मागायची तेही सांगते. माझा तेवढा राहू दे, दुसऱ्या कुणाचं काय व्हायचं ते होवो. अगदी याच शब्दांत. भीती वाटत असताना माणूस दुसऱ्याचा विचार करतो म्हणतात. मला तरी तसं काही झालं नाही.

रोहिणी लागायच्या सुमाराला, सकाळची जेवणं आटोपताना, अडत्याचा माणूस सायकल हाणत आला. सायकल उभी सुद्धा केली नाही, आडवी टाकली. "मामा," तो म्हणाला, "ट्रॅक्टर हिरीत गेला. तळ्याखालच्या मळ्यात. वर बसल्ता तो बी गेला."

मी आधी फडताळाकडं पाहिलं. माणूस गादीवर होता. कलला सुद्धा नव्हता. चारी खडे जागच्या जागी. मला काहीच कळेना. मी नीट बघ, नीट बघ असं स्वतःला म्हणत तिथंच उभी राहिले, आणि मामांनी माझा दंड धरून मला शेजाऱ्याच्या बैलगाडीत बसवलं.

वाटेत मामा एकदाच बोलले. बैलांना हाणता हाणता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्या हात लावला न्हाई, पोरी."

"म्हाईत हाय, मामा."

दोन्ही बाजूंना नांगरलेलं रान होतं. मोठमोठी काळी ढेकळं, उन्हात चकाकणारी. हे त्यानंच नांगरलं असेल, हे त्यानंच, असं मी एकेक वावर मागं टाकत होते. नांगरलेल्या मातीला एक वास असतो, गार, ओला, लोकांना आवडतो. मला त्या दिवसापासून तो सहन होत नाही.

मळ्यात गर्दी होती. दोर आणले होते. विहिरीच्या काठावर ट्रॉलीच्या चाकाचे दोन चर दिसत होते, सरळ आत गेलेले. आणि पलीकडं बाभळीखाली, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, दिगंबर बसला होता.

मला आनंद झाला. लपवून काय करू? इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता, पोरं झाली तेव्हाही झाला नाही. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. मी गर्दीत, सासऱ्यांसमोर, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. त्याच्या मांडीवर एक दगड होता. चांगला मोठा, दोन हातांत मावेल एवढा.

"ह्यो आणायला उतरल्तो," तो म्हणाला. "तू सांगितल्तं म्हणून."

मग तुटक तुटक कळलं. तो तळ्यातला गाळ वाहत होता. बाबू तळ्यावर कुंभारकामाची माती न्यायला आला होता. त्याला एकदा ट्रॅक्टरवर बसायचं होतं, म्हणून दिगंबरनं सोबत घेतलं. विहिरीपाशी पाणी प्यायला थांबले. जमीन विहिरीकडं उतरती. सेल्फ लागत नव्हता म्हणून इंजिन बंद करायची सोय नव्हती. दिगंबर म्हणाला, "बाबू, तू बस गादीवर, ब्रेक दाबून धर, मी चाकामागं दगड लावतो." बाबू बसला. आनंदानं जरा डावीकडं कलून सुद्धा बसला, दिगंबरसारखा. आणि ब्रेक सोडून त्याचा पाय क्लचवर पडला. दिगंबर दगड घेऊन वळेपर्यंत ट्रॉली काठावरून खाली झुकली होती. त्यानं मागोमाग उडी टाकली. वर त्याला एकट्याला काढावं लागलं.

हे ऐकत असतानाच तळ्याच्या बांधावरून एक बाई येताना दिसली. पळत नव्हती, पण चालणंही नव्हतं ते. डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही. कुणीतरी म्हणालं, गयाबाई. ती येऊन एकेकाला विचारायला लागली, "कोण हाय? कोण हाय रं हिरीत?" बाप्ये माणसं खाली बघायला लागली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी नवऱ्याचा हात धरून बसले होते, आणि माझ्या तोंडावरचा आनंद अजून गेलेला नव्हता. तिला माझ्याच तोंडावरून कळलं.

ते मला अजून दिसतं. विहिरीतलं काही मी पाहिलं नाही, तेवढं मात्र पाहिलं.

दिगंबर घरी आला. मामा म्हणाले, "उतरव आता." तो फडताळापुढं उभा राहिला, हात वर केला, आणि खाली घेतला. "दादा, ह्यो मी न्हाई," तो बापाला म्हणाला. मग तो कुणाचा, हे विचारायची हिंमत आमच्यापैकी कुणाला नव्हती. मातीचा माणूस तसाच बसून राहिला. दिगंबर पुन्हा ट्रॅक्टरवर चढला नाही. गावात पिठाची गिरणी निघाली, तिथं लागला. गिरणीचा पट्टा बंद पडला की मी दारात येऊन उभी राहायची, तेवढाच फरक. दुसऱ्या वर्षी आखितीला ओसरीवर कुणी आलं नाही. रहीमचाचा एकदा आले, अंगणातूनच मामांशी बोलले, आणि फडताळाकडं पाठ करून चहा प्यायले.

पण दुसऱ्या आखितीच्या आधी त्याच वर्षीचा पोळा आला. मी तर धरूनच चालले होते की यंदा आपल्या दारात मातीचे बैल यायचे नाहीत. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी गयाबाई डोक्यावर पाटी घेऊन अंगणात उभी. दरवर्षीसारखी. बैल तिनं स्वतः केले होते, शिंगं जरा वाकडी होती.

दिगंबर घरात होता. मामा होते. "या" म्हणायचं की नाही, ते कुणाला कळेना. ती आपणच ओसरीवर आली, पाटी खाली ठेवली, पाणी मागितलं. मी तांब्या दिला. पिता पिता तिची नजर दारातून आत, फडताळाकडं गेली. मी ओलं फडकं टांगायचं अजून सोडलं नव्हतं.

"ते काय झाकलंय?"

मामांनी मान खाली घातली. मीच फडकं बाजूला केलं. मला वाटलं, आता ही किंचाळणार. आता ही शाप देणार, माझ्या नवऱ्याला, माझ्या पोटातल्या पोराला. द्यायचा तर दे, मी म्हटलं मनात, पण बाई, लवकर दे.

गयाबाई जवळ गेली. बराच वेळ बघत राहिली. कुंभाराघरची बाई, आधी चाकांवर बोट फिरवलं, चाक किती फिरतं ते बघितलं. मग त्या माणसाच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"मिशा तुझ्या मालकाच्या हायती," ती म्हणाली. "अंगरखा बी त्यायचाच. पर कान बघ."

आम्ही पाहिलं. इतके दिवस, इतक्या दुपारी मी त्या माणसाकडं टक लावून बसले होते आणि कानांकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. सुपासारखे दोन कान.

"दुसऱ्याचे कान त्यानं कवा निरखून पाह्यले असतील? करताना आपलेच चाचपले असतील," ती म्हणाली. "लहानपणी लई वढलेत म्या. वाढले ते वाढलेच."

मामा पुढं आले. त्यांनी तिला नियम सांगितला, पाटलांच्या ड्रायव्हरचं सांगितलं, आखितीचं सांगितलं, कुणी हात लावला नाही ते सांगितलं. ज्याचा माणूस त्यानंच उतरवायचा, हेही सांगितलं. ती सगळं ऐकत होती, मान हलवत होती.

"मंग आता माझाच की," ती म्हणाली.

तिनं दोन बोटांनी त्या माणसाला कमरेशी धरलं. लहान पोराला कडेवरून खाली घेताना धरतात तसं, चीर गेली होती तिथंच, सांभाळून. "चल, उतर आता," त्याला म्हणाली. "लई येळ बसलास रं." माणूस गादीवरून सुटला. थोडी माती गादीला चिकटून राहिली, तीच ही. तिनं त्याला पदराच्या टोकात बांधलं, गाठ मारली, गाठ ओढून बघितली. बैलांची जोडी फळीवर ठेवली. मी सुपात जोंधळे आणले ते घेतले नाहीत.

पाटी उचलायला वाकली, आणि परत वळली. माणूस काढताना धक्का लागून मागच्या चाकाचा खडा सरकला होता. मी तो उचलायला पुढं झाले, आता या खड्यांचं काय काम म्हणून. तिनं माझा हात बाजूला केला, खडा बोटानं मागं रेटला, चाकाला नीट टेकवला.

"ऱ्हाऊ दे," गयाबाई म्हणाली. "तुझा हाये ना अजून."